गच्ची सगळ्यांची, गळती सातव्या मजल्याची

पत्र:

नमस्कार. गोरेगाव पश्चिमेला आमची सात इमारतींची गल्ली आहे. चार इमारती चार मजली, 1980च्या आसपासच्या. दोन सात मजली, लिफ्टच्या, 1994 सालच्या. त्यातल्या एकीत मी राहते. आणि कोपऱ्यावर नवा बावीस मजली टॉवर. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी झाले. सगळ्या गल्लीने मिळून सौर वीज घ्यावी असं मनात आलं. व्हॉट्सॲप ग्रुप काढला, गेटवर ‘आमची गल्ली, सौर गल्ली’ असा बॅनरही लावला. सुरुवातीला सगळे अंगठे दाखवत होते. आता आमच्या सातव्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, गच्चीला एक भोक पाडू देणार नाही. शेजारच्या चार मजलीचे चेअरमन म्हणतात, आमच्याकडे बिल्डर येतोय, आम्ही पैसे घालणार नाही. टॉवरवाले म्हणतात, गच्चीवर जागाच नाही. एक काका दर मीटिंगला उठून ‘एवढ्याने काय होणार?’ म्हणतात. व्हेंडर मात्र म्हणतो, मॅडम, बिल शून्य येणार, लाइट गेली तरी लिफ्ट चालणार. त्यात मला कमिशन मिळतं अशी कुजबुज सुरू झाली आहे. लोकांना चांगलं का नको असतं? सोडून देऊ का हे सगळं?

— एक सेक्रेटरी, गोरेगाव

उत्तर:

सेक्रेटरीबाई, आधी तो बॅनर उतरवा. रागावू नका. त्या एका ओळीमुळे सात सोसायट्यांना एकाच गोष्टीला हो किंवा नाही म्हणावं लागतंय, आणि नाही म्हणायला एक पैसा पडत नाही. तुमच्या गल्लीत तीन तऱ्हेच्या इमारती आहेत. तिन्हींना स्वच्छ वीज मिळू शकते, पण तीन वेगळ्या रस्त्यांनी. पॅनेल त्यातल्या बहुधा दोनच इमारतींवर बसतील. ते कमी वाटत असेल तर आताच सांगून ठेवते, मुंबईच्या गल्लीत दोन सोसायट्यांनी ठराव करून तो पूर्ण केला तर ती मोठी गोष्ट आहे.

दुसरं म्हणजे, लोकांना चांगलं नको असतं असं तुमच्या पत्रातून तरी दिसत नाही. तुम्ही ज्यांच्या तक्रारी लिहिल्यात, ते सगळे आपापल्या जागी बरोबर आहेत. चुकीचं फक्त एकच माणूस बोलतोय, तो तुमचा व्हेंडर.

काकूंपासून सुरुवात करते, कारण तुमचं सगळं काम त्यांच्या छतावर अडलेलं आहे. टॉप फ्लोअरला राहणं म्हणजे काय, ते खालच्या मजल्यांना कळत नाही. जून उजाडला की बेडरूमच्या कोपऱ्यात पोपडे धरतात, पंख्याच्या हुकाशी ओल येते, करंट उतरेल म्हणून ट्यूब बंद करून बसावं लागतं. कमिटीला फोन केला की ‘पाऊस थांबला की बघू’. पाऊस थांबतो, दिवाळी येते, कमिटी विसरते. ज्या बाईने हे वर्षानुवर्षं काढलं, तिला तुम्ही गच्चीवर लोखंडी सांगाडा ठोकायचा म्हणता. मी त्यांच्या जागी असते तर मीही जिन्यात आडवी पडले असते.

त्यांना पर्यावरण समजावून सांगू नका. त्यांना वॉटरप्रूफिंग द्या, तेही पॅनेलच्या आधी. हे त्यांची समजूत काढायला म्हणून नाही, हिशेबानेच तसं करावं लागतं. पॅनेलची हमी साधारण 25 वर्षांची असते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग तेवढं टिकत नाही. वर सांगाडा उभा राहिल्यावर खालची गच्ची उकलायची वेळ आली, तर पॅनेल उतरवणं, ठेवणं, पुन्हा चढवणं हा सगळा खर्च सोसायटीच्या बोकांडी. म्हणून गच्ची आधी, रिपेअर फंडातून. आणि जनरल बॉडीच्या ठरावात स्पष्ट लिहा की पॅनेल बसवल्यानंतर पहिली पाच वर्षं वरून गळती झाली तर ती कशामुळे झाली याचा वाद न घालता सोसायटी स्वखर्चाने दुरुस्त करेल, तेही पावसाळ्याच्या आत. हे वाक्य काकूंना ठराव होण्याआधी कागदावर दाखवा.

भोकांचं म्हणाल तर दोन पद्धती आहेत. एकीत सिमेंटचे जड ठोकळे गच्चीवर ठेवून त्यांवर सांगाडा उभा करतात, स्लॅबला हात लावत नाहीत. ऐकायला छान, पण ठोकळ्यांचं वजन स्लॅबवर येतं, आणि पॅनेल म्हणजे वाऱ्यात धरलेलं शीड. 2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने मुंबईत काय केलं ते आठवत असेलच. सात मजल्यांवर वारा खालच्यापेक्षा जास्तच लागतो. दुसऱ्या पद्धतीत सांगाड्याचे पाय खालचे कॉलम आणि बीम जिथे आहेत तिथेच घेतात, प्रत्येक पायाभोवती छोटा कट्टा बांधून तो वॉटरप्रूफिंगमध्ये बांधून टाकतात. तुमच्या इमारतीला यातलं काय चालेल, हे व्हेंडरने नाही, स्ट्रक्चरल इंजिनियरने सांगायचं. तो तुम्हाला तसाही लागणार आहे. 30 वर्षांवरच्या इमारतीला महापालिका अधिनियमाच्या कलम 353बी खाली स्थैर्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि 1994ची तुमची इमारत त्या वयाला आलेलीच आहे. एकाच इंजिनियरकडून ऑडिट आणि पॅनेलच्या वजनाचा अभिप्राय दोन्ही घ्या.

सांगाडा उंच घेतलात, माणूस खालून ताठ चालेल इतका, तर गच्ची वापरात राहते. पापड-कुरडयांचा विषय मीटिंगमध्ये येईलच, त्याला हेच उत्तर. खर्च वाढतो, वाऱ्याचा जोरही वाढतो, तेव्हा इंजिनियरला उंची सांगूनच आकडेमोड करायला लावा. लोखंड गरम झिंकमध्ये बुडवून काढलेलं, म्हणजे हॉट डिप गॅल्व्हनाइज्डच घ्या; समुद्राच्या हवेत नुसत्या रंगावर सांगाडा टिकत नाही. आणि कबुतरांसाठी पॅनेलच्या कडेने जाळी. ही जाळी कोटेशनमध्ये कधीच नसते. मुंबईची कबुतरं पॅनेलखाली संसार थाटायला फार वेळ घेत नाहीत, आणि ती घाण मग साफ कोण करणार यावरून वॉचमन आणि सफाईवाला यांचं भांडण लागतं. पॅनेल धुवायचं काम कोणाचं आणि त्याचे महिन्याला वेगळे किती, हेही आधीच ठरवा. पॅनेलवर धुळीचा थर बसला की वीज कमी होते, आणि तुमच्या गल्लीत बांधकाम सुरू झालं तर धूळ भरपूर असणार.

आता पैसे. घराघरांची बिलं विसरा, सोसायटीचा कॉमन मीटर बघा. लिफ्ट, पंप, जिन्याचे आणि आवारातले दिवे त्यावर असतात. वापर जास्त म्हणून बहुतेक युनिट वरच्या, महाग दराच्या टप्प्यात मोजली जातात. सौर वीज सगळ्यात आधी ही महाग युनिटं वाचवते. गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा, एकूण रुपये भागिले एकूण युनिट करा.

समजा महिन्याला 1,400 युनिट लागतात आणि युनिट सगळं धरून 11 रुपयांना पडतं. मुंबईत 1 किलोवॉटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारच्या आत-बाहेर युनिट देतो. मार्च-एप्रिलमध्ये जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये फार कमी. 12 किलोवॉटचे वर्षाला 16,000 युनिट धरा. सावली न पडणारी जागा किलोवॉटमागे साधारण 100 चौरस फूट, म्हणजे 1,200 चौरस फूट. खर्च किलोवॉटला 60 हजार धरला तर 7 लाख 20 हजार. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत (2024च्या फेब्रुवारीत सुरू झाली ती) गृहनिर्माण सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे 2 लाख 16 हजार. उरले 5 लाखांच्या थोडे वर. वर्षाला पावणेदोन लाखांच्या आसपास वीज वाचते; धुणं, देखभाल धरून तीन-चार वर्षांत पैसे वसूल. आकडे तुमचे घाला, रीत हीच.

यात तीन ठिकाणी व्हेंडर हात मारतात. पत्रकावर 78,000 रुपये अनुदान छापलेलं असतं, ते एकट्या घराच्या 3 किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचासाठी आहे, सोसायटीच्या कॉमन मीटरसाठी नाही. अनुदान देशात बनलेल्या सेलच्या देशी पॅनेललाच मिळतं, त्यामुळे स्वस्त कोटेशन आलं की पॅनेल कुठलं ते पाहा. आणि अनुदान काम पूर्ण होऊन नेट मीटर (लाइनमधून घेतलेली आणि लाइनला दिलेली वीज दोन्ही मोजणारा) लागल्यावर खात्यात येतं. सुरुवातीला पूर्ण रक्कम उभी करावी लागते. ती सिंकिंग फंडातून परस्पर काढू नका. वर्गणी किंवा कर्ज, जे काय ते जनरल बॉडीत ठरवून.

बिल शून्य येत नाही. स्थिर आकार राहतोच. शिवाय नेट मीटरिंगमध्ये जास्तीची युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण हिशेबाचं वर्ष 31 मार्चला संपतं, आणि तेव्हा शिल्लक राहिलेली युनिट कंपनी तुम्ही देता त्यापेक्षा बऱ्याच कमी दराने विकत घेते. आपल्याकडे ऑक्टोबर ते मार्च उन्हाचे, म्हणजे नेमकी साठलेली शिल्लक मार्चअखेर पुसली जाते आणि पावसाळ्यात कामाला येत नाही. म्हणून वर्षाच्या वापरापेक्षा संच जरा लहानच ठेवा. व्हेंडर मोठाच सुचवणार, त्याचा धंदा आहे.

आणि लाइट गेल्यावर लिफ्ट चालणार हे तर साफ खोटं, जर त्याने बॅटरीचा वेगळा खर्च दाखवला नसेल. बिनबॅटरीचा, लाइनला जोडलेला संच पुरवठा गेला की आपोआप बंद पडतो. तसा तो पडायलाच हवा, नाहीतर लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसेल. 12 ऑक्टोबर 2020ला सकाळी दहाच्या सुमाराला बहुतेक मुंबईची वीज गेली, तेव्हा भर दिवसा तिथले असे संच गच्चीवर गप्प पडून होते.

अर्ज ज्या कंपनीचं कॉमन मीटरचं बिल येतं तिच्याकडे करायचा. उपनगरात एकाच जिन्यात दोन कंपन्यांची बिलं येतात, त्यामुळे हे मुद्दाम सांगते. आणि अर्जाआधी सावली बघा. टॉवर कोपऱ्यावर आहे म्हणता, पण कोणत्या दिशेला ते लिहिलं नाहीत. दक्षिणेला असेल तर डिसेंबर-जानेवारीत त्याची सावली लांबवर येते, पश्चिमेला असेल तर दुपारचं ऊन जातं. सकाळी नऊ, बारा आणि तीन वाजता गच्चीचे फोटो काढून ठेवा, हिवाळ्यात एकदा आणि आता एकदा. टाकी आणि लिफ्टची खोली यांचीही सावली मोजा. अर्धी गच्ची सावलीत जात असेल तर संच अर्धा घ्या, वरचा हिशेब त्याप्रमाणे बदला.

चार मजली इमारतीच्या चेअरमनांशी वाद घालू नका. पाच-सात वर्षांत पडणार असलेल्या इमारतीवर 25 वर्षांची वस्तू बसवायची नसते. पॅनेल उचलून नेता येतात हे खरं, पण सांगाडा, वायरिंग, मीटरची मंजुरी पुन्हा करावी लागते, आणि भाड्याच्या घरांत विखुरलेले सभासद ते करणार कधी? त्यांच्याकडून वेगळी गोष्ट मागा, आणि ती आत्ताच मागा, कारण बिल्डरबरोबर करारनामा झाल्यावर मागून मिळत नाही. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खालच्या, पुनर्विकासाच्या प्रक्रियेत त्यांचे प्रकल्प सल्लागार मागण्यांची यादी करतील. तिच्यात लिहायचं: नव्या इमारतीच्या गच्चीचा अमुक चौरस फूट भाग मोकळा, सावलीरहित आणि सोसायटीच्या ताब्यात राहील, तिथपासून मीटररूमपर्यंत वायरचा पाइप आधीच टाकलेला असेल, इन्व्हर्टरला (पॅनेलची वीज आपल्या लाइनच्या विजेत बदलणाऱ्या यंत्राला) जागा असेल, आणि जमलं तर संचच बिल्डरने बसवून द्यायचा. नाहीतर काय होतं ते तुमच्या कोपऱ्यावर उभं आहे. गच्चीवर बाग, जिम, योगा डेक, आणि उरलेल्यात टाक्या नि डिश. ‘जागाच नाही’ हे टॉवरवाल्यांचं म्हणणं खरं आहे, पण ती जागा नकाशात कुणीतरी विकलेली आहे.

एक सावधगिरी तुमच्या सोसायटीसाठीही. आज रिडेव्हलपमेंटचा विषय कुणी काढलेला नसेल, पण तिशीतल्या इमारतीत तो निघायला एक बिल्डर आणि दोन चहा पुरतात. ‘आम्ही फुकट बसवतो, तुम्ही फक्त युनिटचे पैसे द्या’ असं सांगणाऱ्या कंपन्या 15-20 वर्षांचे करार करून घेतात. मध्येच इमारत पाडायची झाली तर किती भरपाई, हे करारात आकड्यात नसेल तर सही करू नका. स्वतःच्या पैशाने केलात आणि चार वर्षांत वसूल झालं, तर पुढे काहीही होवो.

टॉवरला आणि जुन्या चार इमारतींना आज करण्यासारखं एक आहे, आणि त्याला गच्ची लागत नाही. राज्य वीज नियामक आयोगाने 2021च्या मार्चमध्ये हरित दर मंजूर केला. ग्राहकाने अर्ज करायचा, युनिटमागे थोडे जास्त पैसे द्यायचे आणि कंपनीने त्याच्या वापराइतकी वीज पवन, सौर वगैरे स्रोतांतून घेतल्याचं प्रमाणपत्र द्यायचं. तेव्हा हा जादा दर 66 पैसे होता. त्या दराने 300 युनिट वापरणाऱ्या घराला महिन्याला 200 रुपयांच्या आत पडतं. दर आयोगाच्या आदेशाबरोबर बदलतो, तेव्हा अर्जाआधी चालू आकडा कंपनीकडून लेखी घ्या. एक गोष्ट मात्र शेजाऱ्यांपासून लपवू नका: तुमच्या तारेत वेगळी वीज येत नाही, हा हिशेबातला बदल आहे. माझ्या मते पॅनेल शक्य असेल तिथे पॅनेल बरं, कारण त्यात पैसे वाचतात आणि हरित दरात जातात. पण बावीस मजल्यांच्या लिफ्ट आणि पंपांना गच्चीवरची वीज पुरणार नाहीच. टॉवरच्या कमिटीने कॉमन मीटरपुरता अर्ज केला तरी सुरुवात झाली.

‘एवढ्याने काय होणार’ वाल्या काकांचं गणित बरोबर आहे, ते मान्य करून टाका. उन्हाळ्यात मुंबईची मागणी 4,000 मेगावॉटच्या पुढे जाते, तिथे तुमचे 12 किलोवॉट दिसणारही नाहीत. त्यांना सांगा, ठराव मुंबईसाठी नाही, मेंटेनन्ससाठी आहे. दरवर्षी दीड लाख वाचले तर तुमची पावती किती रुपयांनी खाली येते ते बघा. तरीही मुद्दा ताणलाच तर हेही सांगा की हे काही नवं खूळ नाही. 1915 साली खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज आली ती पाण्यावरची होती, मग भिवपुरी, भिरा आले. कोळशाची ट्रॉम्बे आणि डहाणूची केंद्रं नंतरची.

कमिशनच्या कुजबुजीवर रडू नका आणि खुलासाही देऊ नका. सोसायटीत पैशाचं काम निघालं की हे होतंच. तीन कोटेशन मागवा, तिघांना एकच तपशील लिहून द्या: किलोवॉट, पॅनेल देशी, सांगाड्याची उंची आणि धातू, जाळी, पाच वर्षांची देखभाल. पाकिटं सभासदांसमोर उघडा. जो माणूस सगळ्यात जास्त कुजबुजतो त्याला खरेदी समितीत घ्या; तो नको म्हणाला तर तेही इतिवृत्तात लिहा. इथून पुढे व्हेंडरला एकट्याने भेटू नका, फोनवरसुद्धा नाही.

वेळेचं असं आहे. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, नोटीस 14 पूर्ण दिवस आधी. विषय नोटिशीतच हवा. ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ यात लाखांचा खर्च मंजूर करून घेतलात तर पुढच्या वर्षी तोच काढून तुम्हाला घेरतील. ऑडिट आणि गच्चीची पाहणी पावसातच करून घ्या, गळती तेव्हाच दिसते. सभा सप्टेंबरात, वॉटरप्रूफिंग ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सांगाडा त्यानंतर. नोटिशीत दोन वेगळे विषय ठेवा आणि याच क्रमाने: पहिला, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि गळतीची पाच वर्षांची जबाबदारी, दुसरा, कॉमन मीटरसाठी सौर संच. पहिल्या ठरावाला सूचक म्हणून सातव्या मजल्यावरच्या काकूंचं नाव विचारा. दुसरा ठराव या वर्षी पडला तरी पहिला पास करून घ्या, काकूंची गच्ची त्यासाठी थांबायला नको.